स्वतः गाडी चालवत स्लोव्हेनिया: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी व्हिसापासून घाटापर्यंत

आल्प्स म्हटलं की आपली गाडी स्वित्झर्लंडच्या पुढे जात नाही. तिथले हॉटेलचे दर बघून निम्मी मंडळी बेत रद्द करतात आणि उरलेली टूर कंपनीच्या बसमध्ये बसतात. त्याच आल्प्सचं पूर्वेकडचं टोक स्लोव्हेनियात आहे. पश्चिमेला इटली, उत्तरेला ऑस्ट्रिया, पूर्वेला हंगेरी आणि दक्षिणेला क्रोएशिया. क्षेत्रफळ साधारण २०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जरासा मोठा देश, आणि लोकवस्ती २१ लाखांच्या आसपास. २००७ पासून तिथे युरो चालतो आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो शेंगेनमध्येही आला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात.

एवढ्याशा जागेत बर्फाची शिखरं, हिरव्या पाण्याची नदी, जमिनीखालच्या गुहा आणि चाळीसेक किलोमीटरचा समुद्रकिनाराही आहे. नकाशावर सगळं हाताशी दिसतं म्हणून लोक दिवसाला चार-चार ठिकाणं कोंबतात आणि मग दिवसभर गाडीतच बसून राहतात. इथे किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

गाडीच का? राजधानी ल्युब्लियानाहून ब्लेड आणि बोहिन या तळ्याकाठच्या ठिकाणांना बस चांगल्या आहेत. तेवढंच बघायचं असेल तर गाडी घेऊ नका, पैसे वाचवा. पण सोचा नदीचं खोरं आणि त्याआधीचा व्हर्शिच घाट बसच्या वेळापत्रकात बसवणं कटकटीचं आहे, आणि माझ्या मते या देशात बघण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

१. आधी मुक्काम ठरवा, मग ठिकाणं

सहा-सात रात्री हाताशी ठेवा. त्याहून कमी असतील तर समुद्र सोडा, डोंगर सोडू नका. मला पटणारी फेरी अशी:

ल्युब्लियाना – ब्लेड/बोहिन (२ रात्री) – क्रान्स्का गोरा – व्हर्शिच घाट – बोव्हेत्स किंवा कोबारिद (२ रात्री) – तोल्मिन – नोव्हा गोरित्सा – श्कोत्सियानच्या गुहा – समुद्रकाठचं पिरान (१ रात्र) – पोस्तोयना – ल्युब्लियाना (१ किंवा २ रात्री).

ल्युब्लियाना ते ब्लेड ५५ किलोमीटर, बहुतेक महामार्ग, पाऊण तासात पोचता. क्रान्स्का गोरा ते बोव्हेत्स अंतर त्याहूनही कमी, पण मध्ये घाट आहे. न थांबता दीड तास, आणि न थांबता कुणी जात नाही, त्यामुळे अर्धा दिवस धरा. महामार्गावर मोबाइलने सांगितलेल्या वेळेवर विश्वास ठेवा, डोंगरात त्यात निम्मी भर घाला.

मुक्काम ब्लेडला करायचा की बोहिनला, यावर घरात वाद होणार. ब्लेडचं तळं, मधलं बेट आणि कड्यावरचा किल्ला हे दृश्य फोटोतल्यासारखंच आहे, फक्त फोटोत गर्दी दिसत नाही. तळ्याभोवतीची सहा किलोमीटरची पायवाट सकाळी लवकर फिरून घ्या, होडीने बेटावर जा, तिथल्या ९९ पायऱ्या चढा, क्रीमचा चौकोनी केक खा आणि रात्री झोपायला बोहिनला या. तिथलं तळं मोठं आहे, शांत आहे, आणि पलीकडे व्होगेलची केबल कार थेट १,५३५ मीटरवर नेऊन सोडते. हवा स्वच्छ असेल तर समोर त्रिग्लाव दिसतो. २,८६४ मीटर उंचीचं हे देशातलं सर्वोच्च शिखर त्यांच्या झेंड्यावर आहे आणि त्यांच्या ५० सेंटच्या नाण्यावरही.

महिना: मेच्या उत्तरार्धापासून जूनअखेर, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा युरोप तिथे असतो. हिवाळ्यात व्हर्शिच बर्फामुळे बंद असतो, म्हणजे वरची फेरी तुटते. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर घाट उघडा आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी बघाच.

२. व्हिसा

शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. इथेच गडबड होते. तिकीट व्हेनिसचं, सहलीत तीन रात्री इटली आणि पाच रात्री स्लोव्हेनिया, तर अर्ज स्लोव्हेनियाकडे. "इटलीची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथूनच करू" असं सुचवणारे एजंट भेटतील. ऐकू नका. हॉटेलची बुकिंग अर्जाशी जुळली नाहीत की व्हिसा नाकारायला कारण मिळतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने पंधरा दिवसांत निकाल मिळतो, पण तो लांबूही शकतो, आणि खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

कागदपत्रांची फाइल:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल
- बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं पत्र आणि रजा मंजुरी. व्यवसाय असेल तर नोंदणीची कागदपत्रं
- दिवसवार प्रवास आराखडा आणि गाडीच्या आरक्षणाची प्रत

शेवटच्या ओळीकडे लोक दुर्लक्ष करतात. एका गावातून दुसऱ्या गावात कसे जाणार, हे कागदावर दिसलं पाहिजे. पैसे न भरता रद्द करता येईल असं गाडीचं आरक्षण आधीच करून ठेवा आणि त्याची प्रत लावा.

सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी पद्धत सुरू झाली आहे. शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे पहिल्या विमानतळावर पुढचं विमान गाठायला भरपूर वेळ ठेवा.

३. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

हा आरटीओकडून मिळतो. सारथी पोर्टलवर अर्ज, शुल्क १,००० रुपये, सोबत मूळ परवाना, पासपोर्ट आणि व्हिसा. वैधता एक वर्ष. व्हिसा हातात आल्यावर लगेच अर्ज करा, प्रवासाच्या आठवड्यात आरटीओच्या रांगेत उभं राहू नका.

इंटरनेटवर "घरबसल्या आंतरराष्ट्रीय परवाना" म्हणून गुळगुळीत प्लास्टिकचं कार्ड विकणाऱ्या खासगी साइट आहेत. ते कार्ड कायद्याने परवाना नाही. आरटीओचं पुस्तक साधं दिसतं, पण तेच चालतं. शिवाय ते एकटं चालत नाही, मूळ भारतीय परवाना सोबत हवाच. गाडी दोघं चालवणार असाल तर दोघांचेही परवाने काढा आणि दुसऱ्या चालकाचं नाव भाड्याच्या करारात घाला. नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो.

४. गाडी कुठून आणि कशी घ्यायची

भारतातून ल्युब्लियानाला थेट विमान नाही, एक बदल करावा लागतो. विमानतळ शहरापासून २५ किलोमीटरवर ब्रनिकला आहे आणि गाड्या तिथेच मिळतात. व्हेनिस किंवा झाग्रेबला उतरलात तर तिकीट बरेचदा स्वस्त पडतं, पण गाडी तिथून घेतल्यास सीमा ओलांडण्याची परवानगी करारात लिहून घ्या. काही कंपन्या त्याचे वेगळे पैसे लावतात. शेंगेन असलं तरी या सीमांवर अलीकडे पुन्हा तपासणी होते, तेव्हा पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत पुरून ठेवू नका.

गाडीची चावी घेताना पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

अनामत रक्कम क्रेडिट कार्डावरच अडवून ठेवतात आणि कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं लागतं. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाचं आरक्षण, असं असेल तर काउंटरवरून हात हलवत परत यावं लागेल. भारतीय कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू करा, मर्यादा वाढवा, पिन पाठ करा.

ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी आरक्षण करा. तिथे आजही गिअरच्या गाड्या भरपूर आहेत. डाव्या बाजूचं स्टिअरिंग आणि उजव्या हाताला गिअर हे दोन्ही एकदम शिकायला घाट ही योग्य जागा नव्हे, म्हणून मी तरी ऑटोमॅटिकचे जादा पैसे द्यायला सांगेन.

मूळ विम्यात काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग सहसा येत नाही, आणि डोंगरात मार याच तीन जागी बसतो. करार वाचा, मग सही करा. काउंटरवरचा मुलगा घाई करत असला तरी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा: चारही चाकांच्या रिम, बंपरचे खालचे कोपरे, पुढची काच, इंधनाचा काटा. आधीचा प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर नोंदवून घ्या. परावर्तक जॅकेट आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत आहेत ना ते बघा. दीडशे सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना उंचीनुसार वेगळी सीट लागते, तीही आधीच सांगून ठेवा.

५. ई-विन्येता, म्हणजे महामार्गाचा पास

एक बोगदा सोडला तर स्लोव्हेनियात टोलनाके नाहीत. कारसाठी ठरावीक मुदतीचा पास घ्यायचा, तो गाडीच्या नंबरला जोडलेला असतो आणि कॅमेरे तो वाचतात. काचेवर चिकटवायची चिठ्ठी २०२२ पासून बंद झाली. आठवड्याचा पास २०२५ मध्ये १६ युरोंना होता. पास नसताना महामार्गावर सापडलात तर दंड ३०० युरो.

स्लोव्हेनियातच घेतलेल्या गाडीला पास बहुधा असतोच, तरी काउंटरवर विचारा. इटली, क्रोएशिया किंवा जर्मनीतून आणलेल्या गाडीला नसतो. तो सीमा ओलांडायच्या आधी घ्यायचा. पास विकण्याचं काम दार्स या त्यांच्या महामार्ग कंपनीकडे आहे, तिच्याच अधिकृत साइटवर जा. शोधात वर येणाऱ्या मध्यस्थ साइट तोच पास चढ्या भावाने विकतात. नंबर भरताना इंग्रजी ओ आणि शून्य नीट बघा, आणि देश निवडताना गाडी ज्या देशात नोंदलेली आहे तो निवडा.

मोठं कुटुंब नऊ आसनी व्हॅन घेणार असेल तर आणखी एक मेख आहे. पुढच्या चाकांच्या वर गाडीची उंची १.३० मीटर किंवा जास्त भरली तर पास वरच्या श्रेणीचा लागतो. साध्या कारचा पास घेतलात तर तो नसल्यातच जमा. ऑस्ट्रियातून कारावांके बोगद्याने येणाऱ्यांना बोगद्याचा टोल या पासाशिवाय वेगळा भरावा लागतो.

६. रस्त्यावर

गाडी उजवीकडून. पहिल्या दिवशी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर चालू होणार, हसून पुढे जा. खरा धोका सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना असतो, कारण समोर गाडी नसली की हात आपसूक डावी बाजू धरतो. शेजारी बसणाऱ्याला प्रत्येक वळणावर "उजवीकडे" म्हणायचं काम द्या.

वेगमर्यादा: गावात ५०, बाहेर ९०, द्रुतमार्गावर ११०, महामार्गावर १३०. गावाच्या नावाची पाटी दिसली की ५० सुरू, वेगळी पाटी लावत नाहीत. दिवसाही हेडलाइट लावलेले हवेत. गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. महामार्गावर वाहतूक अडली तर दोन्ही रांगांनी कडेला सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट सोडायची. रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.५ ग्रॅम प्रति किलो आहे आणि नव्या चालकांना शून्य. १५ नोव्हेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्यांची सोय सक्तीची. आपत्कालीन क्रमांक ११२, पोलिसांचा ११३.

तिथल्या सर्वात मोठ्या इंधन कंपनीचं नावच "पेट्रोल" आहे. त्या पंपावर डिझेलही मिळतं! पाटी बघून नव्हे, टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते बघून नळी उचला. आपणच भरायचं आणि आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे.

७. व्हर्शिच घाट

क्रान्स्का गोरामधून बाहेर पडलं की यास्ना तळं लागतं, तिथे थांबून खाणं-पिणं उरका. पुढे ५० वळणं आहेत: २४ चढावर, २६ उतारावर. खिंडीची उंची १,६११ मीटर. प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी असते, त्यामुळे मागच्या सीटवरून "अजून किती?" आलं की उत्तर तयार. चढाच्या बाजूला वळणावर डांबराऐवजी दगडी फरशी आहे. ओली असेल तर चाक सरकल्यासारखं वाटतं, म्हणून वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. उजवीकडची वळणं जास्त आवळलेली आहेत, तिथे दुसऱ्या गिअरवर किंवा ऑटोमॅटिकच्या मॅन्युअल मोडवर या. उतारावर इंजिनाच्या ब्रेकनेच गाडी आवरा, नाहीतर खालच्या त्रेंता गावात पोचेपर्यंत जळका वास येईल.

आपल्याकडच्या घाटांत गाडी चालवलेल्याला रस्ता अवघड नाही. त्रास सायकलवाल्यांचा आणि मोटरसायकलवाल्यांचा होतो. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवून पुढे जायची सवय इथे सोडा. सायकलवाला तुमच्यासाठी बाजूला होणार नाही, सरळ रस्ता दिसेपर्यंत त्याच्या मागे राहायचं. सकाळी नऊच्या आत चढायला लागलात तर हे सगळे तुमच्या मागे असतात, आणि खिंडीत गाडी लावायला जागाही मिळते.

आठव्या वळणाजवळ गाडी थांबवाच. जंगलात थोडं वर लाकडी रशियन चॅपेल आहे. हा रस्ता पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यांतले शंभराहून अधिक गाडले गेले, त्यांच्या स्मरणार्थ सोबत्यांनी हे उभारलं. खाली कोबारिदला पोचलात की त्याच युद्धाचं संग्रहालय आहे. २४ ऑक्टोबर १९१७ ला या गावाजवळ इटलीची फळी फुटली. हे संग्रहालय घाईत उरकू नका, मगच भोवतालच्या डोंगरांकडे बघा. खंदक अजून आहेत.

घरात कुणाला गाडी लागत असेल किंवा घाट बंद असेल तर एक वेगळी वाट आहे. बोहिन्स्का बिस्त्रित्साहून गाडी चक्क रेल्वेवर चढवायची, सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून पलीकडे जायचं आणि मोस्त ना सोचीला उतरवायची. हा रेल्वेमार्ग १९०६ चा आहे. दुरुस्ती निघाली की सेवा बंद असते, म्हणून स्लोव्हेनियन रेल्वेच्या साइटवर तारीख तपासा.

सोचा खोऱ्यातून नोव्हा गोरित्साकडे उतरलात की विपावा खोरं लागतं. तिथे बुर्या नावाचा वारा सुटतो. जोराचा असेल तर उंच गाड्यांना द्रुतमार्ग बंद करतात. व्हॅनवाल्यांनी रस्त्यावरचे इशारे वाचावेत.

८. पार्किंग आणि तिकिटं

ल्युब्लियानाचा जुना भाग २००७ पासून गाड्यांना बंद आहे. शहराच्या कडेला गाडी लावून बसने आत जाण्याची सोय आहे, ती वापरा. पिरानच्या जुन्या गावातही गाडी नेता येत नाही. फोर्नाचेच्या पार्किंगमध्ये लावून बसने जायचं. हॉटेल जुन्या गावात असेल तर एका रात्रीचं सामान वेगळ्या छोट्या बॅगेत काढून ठेवा.

ब्लेडजवळची विंटगार घळ (१.६ किलोमीटर, वाट एकेरी) आणि पोस्तोयनाची गुहा यांची तिकिटं वेळेनुसार मिळतात, आधीच ऑनलाइन काढा. गुहांपैकी एकच बघायची असेल तर सोबत कोण आहे ते बघा. आई-बाबा असतील तर पोस्तोयना, कारण आत ३.७ किलोमीटर छोटी आगगाडी नेते-आणते आणि चालणं बेताचं आहे. गुडघे ठणठणीत असतील तर श्कोत्सियान. १९८६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. पायऱ्या शेकड्यांनी, आणि पाताळातल्या नदीवर पूल. आत फोटो काढायला मनाई आहे. दोन्हीकडे भर उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांची थंडी असते, स्वेटर गाडीत ठेवून जाऊ नका.

९. रविवार आणि जेवण

२०२० च्या कायद्याने तिथली बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, मोठी सुपरमार्केटंही. किचन असलेल्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी शनिवारीच दूध, दही, भाजी, ब्रेड भरून ठेवावं. रविवारी पंपावरचं दुकान तेवढं उघडं सापडतं.

शाकाहारी मंडळींनी श्त्रुक्ली मागवावेत: चीज भरून गुंडाळलेले, गोड किंवा तिखटमिठाचे. कुट्टूच्या पिठाचे पदार्थही मिळतात. पण घेवडा आणि आंबवलेल्या कोबीचं योता हे सूप शाकाहारी दिसतं आणि बरेचदा त्यात धुरावलेलं मांस असतं. "ब्रेज मेसा", म्हणजे मांस नको, एवढं सांगा आणि वर चरबीबद्दलही विचारा. नळाचं पाणी सर्रास पितात, बाटल्या विकत घेऊ नका. हॉटेलचं बिल बघताना माणशी रात्रीचा पर्यटन कर वेगळा दिसला तर तो फसवणुकीचा नाही, सगळीकडेच असतो.

१०. गाडी परत करताना

विमानतळाजवळच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा. काट्याचा आणि किलोमीटरचा फोटो, मग पुन्हा गाडीभोवती व्हिडिओ. पहाटेचं विमान असेल आणि चावी पेटीत टाकून जायचं असेल तर हा व्हिडिओच तुमचा साक्षीदार. कुणी तपासायला असेल तर "नवीन नुकसान नाही" असं कागदावर लिहून घ्या. अडवलेली अनामत कार्डावर मोकळी व्हायला काही दिवस लागतात. दोन आठवडे उलटले तरी दिसली नाही तर आधी बँकेला विचारा, मग कंपनीला. पार्किंगच्या दंडाची चिठ्ठी मात्र कधीकधी महिन्याभराने येते, आणि कंपनी त्यावर स्वतःचं हाताळणी शुल्क लावते. तोवर करार आणि पार्किंगच्या पावत्या फेकू नका.